दगडी कमानीच्या पुलाशेजारून भुयारी वाहिनी जाणार आहे : पुलाचे रक्षण कसे करावे?

माहुलीकाठ

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ आमच्या भागात ओढ्यावर तीन कमानींचा जुना दगडी पूल आहे. प्रत्येक गाळा साधारण सहा मीटरचा असून बांधकाम घडीव काळ्या दगडाचे आणि चुन्याचे आहे. गळीत हंगामात उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या दिवसरात्र याच पुलावरून जातात. आता पूर्वेकडच्या अबटमेंटच्या (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीच्या) मागे चार मीटर अंतरावरून, सहा मीटर खोलीवर, रस्त्याला आडवा असा १,२०० मिलिमीटर व्यासाचा काँक्रीट पाइप जमिनीत ढकलून त्यातून मोठी जलवाहिनी नेण्याचे ठरले आहे. रस्ता खोदावा लागणार नाही आणि वाहतूक बंद राहणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. मात्र पाइप ढकलण्यासाठीचा सात मीटर खोल खड्डा विंग वॉलला (अबटमेंटच्या बाजूला भराव धरणाऱ्या भिंतीला) लागूनच आखलेला आहे आणि मधल्या कमानीच्या पोटात एक बारीक भेग आधीपासून आहे.

पुढच्या पंधरवड्यात बैठक आहे. जमिनीखाली पोकळी झाली की वरचा पूल नेमका कशाने बिघडतो, आणि तो बिघडू नये म्हणून आम्ही काय मागावे? ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शेरीवाला

इतक्या वर्षांचे पूर आणि उसाच्या ट्रॉल्या पेललेला पूल एका पाइपाने हलणार नाही. उगाच काम अडवू नये, पाणी सर्वांनाच हवे आहे.

निवृत्त_उपअभियंता

शेरीवाले, पाणी हवेच आहे. पण वरून येणारे ओझे पेलणे वेगळे आणि पायाखालची माती सरकणे वेगळे. कमानीवर ओझे सारखे पसरून आले की तिचे दगड एकमेकांवर घट्ट बसतात. तीच कमान अबटमेंट दोन बोटे बाहेर सरकले की उघडू लागते, कारण चुन्याच्या सांध्याला ताण सोसत नाही.

माहुलीकाठ, बैठकीत पहिली मागणी यंत्राबद्दल करू नका. पुलाची आजची अवस्था खोदाईच्या आधी लिहून ठेवा, ही पहिली मागणी असू द्या. प्रत्येक भेगेचे ठिकाण, लांबी, रुंदी, शेजारी मोजपट्टी धरून घेतलेले छायाचित्र, आणि अबटमेंट व पिअर (मधले खांब) यांवर ठोकलेल्या पक्क्या खुणांच्या पातळ्या एवढे तरी हवेच. आमच्या काळी भेगेवर आडवी काचपट्टी लावत असू. भेगेच्या दोन्ही अंगांचा दगड घासून साफ करायचा, पातळ काच दोन्ही टोकांना सिमेंटच्या गोळ्यात बसवायची आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरायची. भेग हलली की काच तडकते.

एका कामावर अशी काच चौथ्याच दिवशी तडकली आणि मोठा गोंधळ उडाला, कारण खोदाई तोवर सुरूच झालेली नव्हती. थंडीच्या पहाटे दगड आकसतो, भेग रुंदावते आणि दुपारच्या उन्हात पुन्हा मिटते, हे आम्हाला तेव्हा नीट उमगले. पूल रोज स्वतःच थोडा हलत असतो. ती हालचाल आधी काही आठवडे टिपली नाही, तर नंतरची कोणती हालचाल खोदाईमुळे झाली हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. मग नुकसान झाले तर ते तुमच्या गळ्यात येते आणि झाले नसेल तरी आरोप दुसऱ्याच्या माथी बसतो.

भुयारी

मी मूळचा कोरेगावचा असून शहरांतल्या मेट्रोच्या बोगद्यांवर काम करतो. मूळ प्रश्नाचे उत्तर देतो.

यंत्र जेवढी माती पाइपाच्या आकारासाठी काढायला हवी त्यापेक्षा थोडी जास्त काढते, आणि ती उणीव भरून काढायला वरची माती खाली बसते. या जादा मातीला आम्ही व्हॉल्यूम लॉस म्हणतो; मऊ जमिनीत चांगल्या यंत्राने तो बोगद्याच्या छेदाच्या अर्धा ते दोन टक्के असतो. जमिनीच्या पृष्ठभागावर याची एक उथळ, घंटेच्या आकाराची दरी उमटते. राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये मेक्सिकोतील परिषदेत ही आकृती मांडली आणि आजही पहिला हिशेब तिच्यावरच होतो. चिकणमातीत या दरीची रुंदी ठरवणारे माप बोगद्याच्या मध्याच्या खोलीच्या साधारण निम्मे धरतात.

तुमच्या आकड्यांनी पाहू. १.२ मीटर व्यास म्हणजे छेद १.१३ चौरस मीटर, त्याचे दोन टक्के ०.०२३. खोली सहा मीटर, म्हणून रुंदीचे माप तीन मीटर. अक्षावर, म्हणजे पाइपाच्या बरोबर वर, खचाव सुमारे ३ मिलिमीटर येतो आणि चार मीटर दूर असलेल्या तुमच्या अबटमेंटपाशी सव्वा मिलिमीटरच्या आसपास. मेट्रोचा साडेसहा मीटर व्यासाचा बोगदा १५ मीटर खोलीवर एक टक्का लॉसने गेला तर हाच आकडा १८ मिलिमीटरच्या घरात जातो. त्या मानाने तुमचा पाइप सौम्य आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूर्ण पूल सारखाच दहा मिलिमीटर खाली बसला तर त्याला फारसे काही होत नाही. एक टेकू बसला आणि शेजारचा बसला नाही, की बिघाड सुरू होतो. सुट्या गाळ्यांचे गर्डर (पुलाच्या आडव्या तुळया) हा फरक बऱ्यापैकी सोसतात, सलग गर्डर कमी सोसतात. अमेरिकेतील महामार्ग पुलांच्या संहितेत या फरकाची मर्यादा सुट्या गाळ्यांसाठी गाळ्याच्या लांबीच्या ०.००८ आणि सलग गाळ्यांसाठी ०.००४ अशी दिलेली आहे. प्रत्यक्ष कामावर पुलाची मालक यंत्रणा त्याहून पुष्कळ कडक मर्यादा घालते. दगडी कमानीला मात्र खाली बसण्यापेक्षा आडवे फाकणे जास्त भोवते.

माहुलीकाठ

भुयारी दादा आणि साहेब, दोघांचेही आभार. सव्वा मिलिमीटर ऐकून जीव भांड्यात पडला. मग आमची काळजी अनाठायी आहे का?

पाइपढकल्या

अजून भांड्यात पडू देऊ नका. मी पंधरा वर्षे पाइप पुशिंगच्या कामावर सुपरवायझर आहे. भुयारी साहेबांचा हिशेब बरोबर आहे, पण दोन टक्के ही रक्कम ढकलण्याच्या कामाला कमी पडते. पाइप मातीत अडकू नये म्हणून यंत्राचे तोंड पाइपापेक्षा थोडे मोठे ठेवतात. चहूबाजूंनी २० मिलिमीटर मोकळी जागा राहिली, तर तीच छेदाच्या साडेसहा टक्क्यांवर जाते. ढकलताना त्या जागेत बेंटोनाइटचे (फुगणाऱ्या चिकणमातीचे) पाणी भरलेले असते, म्हणून माती लगेच खाली येत नाही. ढकलणे संपल्यावर त्या बेंटोनाइटच्या जागी सिमेंट ग्राउट (पातळ सिमेंटचे मिश्रण) भरायचे असते. ते काम बिलात असते, पण पाइप पलीकडे निघाला की सर्वांचे लक्ष उडते आणि ग्राउटिंग आठवडाभर लांबते. तेवढ्या दिवसांत ती फट मिटते. मग अक्षावर ३ नव्हे, १० मिलिमीटर धरा.

दुसरे म्हणजे धोंडे. ओढ्याकाठी गाळात मोठे धोंडे असतात. एखादा धोंडा यंत्रापुढे अडला की तो फोडताना भोवतालची माती भसाभसा आत येते, आणि हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. निघालेल्या मातीच्या गाड्या मोजा. प्रत्येक मीटरला किती माती निघायला हवी हे आधीच ठरलेले असते. जास्त निघाली तर ती कुठून तरी आली आहे, हे उघड आहे.

भुयारी

पाइपढकल्या यांची दुरुस्ती मान्य आहे. १० मिलिमीटर अक्षावर म्हणजे अबटमेंटपाशी सुमारे ४ मिलिमीटर. शिवाय मी पृष्ठभागाचा हिशेब दिला; पुलाचा पाया दोन-तीन मीटर खाली असेल, तर त्या पातळीवर ही दरी अधिक अरुंद आणि अधिक खोल असते. म्हणून सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे अंतर. आखणी अबटमेंटपासून दहा मीटर मागे नेली, तर तुमच्या खोलीला खचाव जवळजवळ शून्यावर येतो.

विहिरीचा_मुकादम

आमच्या घरात तीन पिढ्या विहिरी खोदण्याचे काम आहे. ओढ्याकाठी वर काळी माती, मग वाळूमिश्रित गाळ, मग मुरूम, मग मांजऱ्या (मऊ खडक) आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. गाळ आणि मुरूम यांच्या सांध्याला हमखास उपळे (पाण्याचे झरे) असतात. आपण सगळे पाइपाबद्दल बोलत आहोत, पण मला त्या सात मीटर खड्ड्याची धास्ती वाटते. त्यात पाणी येणारच, आणि ते उपसायला पंप लागणारच.

निवृत्त_उपअभियंता

मुकादमांनी वर्मावर बोट ठेवले. मी एकदा हे डोळ्यांनी पाहिले आहे. ठिकाण आणि कंत्राटदार यांची नावे सांगत नाही. पुलाजवळ असाच खड्डा होता, बाजूला पत्र्यांचा आधारही होता, पण पत्र्यांचे तळ मुरमापर्यंत पोहोचलेले नव्हते. पंप रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी मी गेलो तेव्हा पाइपातून पडणारे पाणी चहासारखे लालसर होते आणि ते ज्या चरात पडत होते तिथे बारीक वाळूचा हातभर उंच ढीग साचला होता. ती वाळू पुलाच्या पायाखालून आलेली होती. विंग वॉल आणि अबटमेंट यांच्या सांध्यात आदल्या दिवशी नख जात नव्हते, त्या सकाळी माझे बोट आत गेले. पंप तत्काळ बंद करून खड्डा पाण्याने भरू दिला, तेव्हा हालचाल थांबली. बोगद्याचे यंत्र त्या वेळी जागेवर आलेलेसुद्धा नव्हते.

म्हणून नियम लिहून घ्या : पंपाचे पाणी आधी पिंपात पडेल, आणि पिंपाच्या तळाशी वाळू साचू लागली की उपसा थांबेल. स्वच्छ पाणी एका मर्यादेपर्यंत चालते, गढूळ पाणी एक तासही चालत नाही.

कराडची_लेक

साहेबांचा अनुभव मोठ्या प्रमाणावर कोलकात्यात दिसला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बऊबाजारमध्ये मेट्रोच्या बोगद्याचे यंत्र भूजलाच्या थरात शिरले, पाणी आणि माती आत आली आणि वरची जुनी घरे तडकली, काही कोसळली. त्याच मार्गिकेचे बोगदे हुगळी नदीच्या पात्राखालून मात्र सुखरूप गेले होते. नदीखाली पाणी आहे हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे तयारी होती. मी भूगर्भशास्त्र शिकवते, आणि माझ्या मते पुलाचे सर्वांत चांगले संरक्षण म्हणजे आखणीवर घेतलेली दोन-तीन बोअर (जमिनीचे थर तपासायला पाडलेली खोल छिद्रे). माहुलीकाठ, बोअरचा अहवाल झाला आहे का हे विचारा. झाला असेल तर पाण्याची पातळी कोणत्या महिन्यातली आहे हेही पाहा. मे महिन्यातले वाचन घेऊन दिवाळीनंतर खड्डा खणला, तर तो अहवाल उपयोगाचा राहत नाही.

वारणेकाठ

मी सांगलीकडचा आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्या नद्यांवरच्या जुन्या पुलांना खरा धोका पुराचा आहे, पाइपाचा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला. आमचा आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे आणि सांगलीकर पावसाळ्यात त्याच्यावरच्या फुटांच्या आकड्यांकडे डोळे लावून बसतात : ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. एवढी शक्ती आणि एवढी यंत्रणा पुराच्या घासणीकडे, म्हणजे पाण्याने पायाजवळची माती वाहून जाण्याकडे, लावली पाहिजे.

निवृत्त_उपअभियंता

वारणेकाठ, आपले म्हणणे मी खोडत नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच पायापाशी येतात. पुराने पायाजवळची माती वाहून नेलेली असते आणि पूल उरलेल्या मातीवर उभा असतो. त्या उरलेल्या मातीतच कोणी पोकळी केली, तर पूल दोन्हीकडून उघडा पडतो. म्हणून माहुलीकाठ यांनी पावसाळ्यानंतर पात्राची घासणी मोजली आहे का, हेही विचारावे. गरज असेल तर पायाभोवती दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) आणि ॲप्रन (तळावरचा दगडी थर) आधी, आणि पाइप नंतर.

वारणेकाठ

हा क्रम मला पटतो. माझा आक्षेप मागे घेतो.

घाटमाथा

थोडे विषयांतर, पण विषयातलेच. इथे माती आणि गाळ यांचीच चर्चा झाली. आपल्या जिल्ह्यात खंबाटकीसारखे बोगदे पाषाणात सुरुंग लावून होतात. तिथे जवळच्या पुलांचे काय?

भुयारी

चांगल्या पाषाणात खचाव नगण्य असतो, तिथे प्रश्न कंपनांचा आहे. जमिनीचे कण किती वेगाने हलतात हे मिलिमीटर प्रतिसेकंदात मोजतात. खाणसुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात ऐतिहासिक आणि संवेदनशील बांधकामांसाठी कंपनसंख्या ८ हर्ट्झच्या खाली असेल तर २, ८ ते २५ मध्ये ५ आणि २५ च्या वर १० मिलिमीटर प्रतिसेकंद अशी मर्यादा आहे. ती खाणींसाठी आहे, पण इतर सुरुंगकामातही तिचाच आधार घेतात. मर्यादा पाळण्यासाठी एका क्षणी उडणारा दारूगोळा कमी करतात, म्हणजे एकाच फेरीतली भोके काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात; पूल अगदीच जवळ असेल तर सुरुंग सोडून ब्रेकर किंवा कटर वापरतात. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा लागला, तर तो पाण्याने फुगतो आणि छत सुटते, तिथे पुन्हा खचावाचा विचार करावा लागतो.

कोयनेची

माझे बालपण कोयनानगरला गेले. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप पाहिलेली माणसे आमच्या घरात होती. त्यामुळे "भूकंप सोसलेल्या बांधकामाला सुरुंगाचे काय" असे गावोगावी म्हणतात. मला ते बरोबर वाटत नाही. भूकंपात वाचलेल्या भिंतीतही आतले सांधे सुटलेले असू शकतात. ती वाचली याचा अर्थ ती पूर्वीइतकी मजबूत राहिली असा होत नाही.

पाथरवटाचा_नातू

कमानीबद्दल कोणीतरी लिहील म्हणून थांबलो होतो. माहुलीकाठ, तुमच्या मधल्या कमानीतली भेग ओढ्याच्या प्रवाहाच्या दिशेने जाते की रस्त्याच्या दिशेने? प्रवाहाच्या दिशेने आणि कळीच्या (कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या) दगडाजवळ असेल, तर कमान फाकत असल्याची ती खूण आहे. रस्त्याच्या दिशेने आणि कडेच्या भिंतीच्या रेषेत असेल, तर वरच्या भरावाने कडेची भिंत बाहेर ढकलली आहे. तो आजार वेगळा आणि पाइपाशी त्याचा संबंध कमी.

काम चालू असताना कमानीखाली लोखंडी किंवा लाकडी सेंटरिंग (तात्पुरता आधार) उभे करून, पाचरी ठोकून ते कमानीच्या पोटाला नुसते टेकवून ठेवता येते. पाचर जोरात ठोकू नये, नाहीतर आधारच कमान उचलतो. सांधे भरायचे तर चुन्याने भरावेत. चुना थोडी हालचाल सोसतो आणि बारीक भेग काही काळाने स्वतःच भरून आणतो. सिमेंटने भरलेला सांधा चुन्यापेक्षा फार ताठ असतो आणि मग हालचाल झाली की दगडाचीच कड फुटू शकते.

माहुलीकाठ

आज जाऊन पाहिले. भेग रस्त्याच्या दिशेने आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाच्या कडेच्या भिंतीपासून साधारण हातभर आत. कळीच्या दगडाजवळ आडवी भेग नाही.

पाथरवटाचा_नातू

मग मनावरचे अर्धे ओझे उतरवा. कडेच्या भिंतीला आरपार लोखंडी सळया घालून बाहेरून पट्ट्यांनी आवळता येते, पण ते काम स्वतंत्रपणे मागा.

कृष्णामाई

लंडनमध्ये थेम्सच्या पात्राखालून २५ किलोमीटर लांबीचा आणि ७.२ मीटर व्यासाचा सांडपाण्याचा बोगदा नेला, तोही कितीतरी जुन्या पुलांखालून. तिथे जमिनीत ग्राउट दाबून खचलेला भाग वर उचलतात असे वाचले होते. इथे तसे करता येणार नाही का?

भुयारी

ते भरपाई ग्राउटिंग. लंडनला १९९० च्या दशकात ज्युबिली मेट्रो मार्गिका वाढवताना वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली ते केले. पाया आणि बोगदा यांच्या मधल्या थरात छिद्रांच्या नळ्या आधीच बसवतात आणि खचाव दिसेल तिथे, दिसेल तेवढाच ग्राउट दाबतात. त्यासाठी सतत चालणारी मोजणी आणि अनुभवी हात लागतात. उथळ दगडी पायाखाली अंदाजाने दाबलेला ग्राउट पूल उचलून तोडू शकतो, म्हणून १,२०० च्या पाइपासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. तुमच्या कामाला अंतर, खड्ड्याची जागा, वेळेवर ग्राउटिंग आणि मोजणी एवढे पुरेसे आहे.

शेरीवाला

मी पहिल्याच उत्तरात घाई केली. एक प्रश्न आहे : मोजणी करून आकडा वाढलेला दिसला, तर काम कोण थांबवणार? आमच्याकडे वही भरली जाते आणि काम चालूच राहते.

निवृत्त_उपअभियंता

हा या धाग्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. दोन आकडे करारातच लिहायचे असतात. पहिल्यावर पोहोचले की वाचने दुप्पट करायची आणि कारण शोधायचे. दुसऱ्यावर पोहोचले की यंत्र थांबवायचे, त्याच्या तोंडाशी मातीवरचा दाब टिकवून ठेवायचा आणि पुलावरची वाहतूक बंद करायची. थांबवण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या अभियंत्याच्या नावाने लेखी हवा. वरिष्ठांना फोन लागेपर्यंत माती वाट पाहत नाही. आणि साध्या ऑटो लेव्हलने (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीने) एक-दोन मिलिमीटर खात्रीने कळत नाहीत. डिजिटल लेव्हल आणि बारकोड स्टाफ (बारकोड असलेली मोजकाठी) मागा, आणि बेंचमार्क (तुलनेची पक्की खूण) पुलापासून इतका दूर ठेवा की तो स्वतःच खचणार नाही.

माहुलीकाठ

बैठक झाली, म्हणून कळवतो. आपल्या सर्वांची उत्तरे छापून नेली होती. बोअरचा अहवाल एकाच ठिकाणचा आणि उन्हाळ्यातला निघाला. आणखी दोन बोअर घेण्याचे मान्य झाले. खड्डा रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, पुलापासून १५ मीटर दूर नेला आहे. आखणी दहा मीटर मागे नेता आली नाही, कारण तिथे जुनी केबल आहे. सात मीटरवर तडजोड झाली. पाइप निघाल्यापासून चोवीस तासांच्या आत ग्राउटिंग, पंपाखाली पिंप, ३ मिलिमीटरला इशारा आणि ५ मिलिमीटरला काम बंद, हे सर्व इतिवृत्तात आले. कडेच्या भिंतीच्या सळयांचा विषय पुढच्या बैठकीवर गेला, त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही. पाइप ढकलण्याचे काम गळीत हंगाम संपल्यावर, ट्रॉल्या बंद झाल्यावर सुरू होईल, त्यामुळे मधले दोन महिने नुसत्या मोजणीला मिळाले.

अबटमेंट, पिअर आणि विंग वॉल मिळून आठ खुणा बसवल्या आणि त्यांना पिवळ्या रंगाने क्रमांक घातले. आज सकाळी सव्वासातला, धुके असतानाच, पहिले वाचन झाले. मधल्या कमानीतली भेग ०.४ मिलिमीटर भरली. दुपारी तीन वाजता त्याच जागी पुन्हा पट्टी लावली तेव्हा ती ०.३ होती. दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहिले आहेत.